उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या झाडांना पाणी कोण घालणार?

खडूफळा (यवतमाळ जिल्हा)
१८ मार्च

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते पाचवी. तीन बाजूंना वावरं आणि चौथ्या बाजूला पांदण. शाळेतल्या पर्यावरण शिक्षणावर इथे धागा काढावा असं बरेच दिवस मनात होतं. मार्च लागला, ऊन चटके द्यायला लागलं. आता नाही लिहिलं तर आणखी एक वर्ष असंच जाईल.

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि त्या दिवशी विदर्भातल्या शाळा बंद असतात. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा वाजते, आपल्याकडे उन्हामुळे जूनचा शेवट उजाडतो. त्यामुळे झाडं लागतात जुलैत. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतली रोपं येतात, पोरं खड्डे खणतात, कोणाचं रोप कोणतं यावरून भांडतात. श्रावण-भादव्यात रोपं तरारतात. दिवाळीनंतर पाणी घालायला पाळ्या लावतो, त्या फेब्रुवारीपर्यंत नीट चालतात. मग सकाळची शाळा सुरू होते, २ मेपासून सुट्टी लागते आणि पारा ४५ च्या वर जातो. शाळा उघडते तेव्हा खड्ड्यात काडी उभी असते. त्याच खड्ड्यात आम्ही नवीन रोप लावतो.

२०१६ साली राज्यात २ कोटी झाडांचा संकल्प झाला, मग ४ कोटी, मग १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. २०२४ पासून आईच्या नावाने झाड लावायची मोहीम आहे. या मोहिमांना माझा विरोध नाही. रोप फुकट मिळतं, पोरांना मोकळ्या हवेत एक दिवस मिळतो. पण चौथीतल्या मुलाने पहिलीपासून दरवर्षी झाड लावलं आणि त्यातलं एकही जगलेलं पाहिलं नाही, तर पर्यावरणाबद्दल तो काय शिकला? झाड लावायचं असतं, फोटो काढायचा असतो, आणि मग ते मरतं, एवढंच. हे त्याच्या डोक्यात बसायला नको. परिसर अभ्यासाच्या शंभर पानांनी ते पुसलं जाणार नाही.

म्हणून विचारतो. तुमच्या गावच्या शाळेत मे-जूनमध्ये काय करता? कोणाकडे जबाबदारी असते? पाणी कुठून येतं? "जनजागृती करावी" असं कृपया लिहू नका. जे प्रत्यक्ष चाललं किंवा फसलं, ते सांगा.

---

धुऱ्यावरचा (अकोला जिल्हा)
१८ मार्च

सर, चांगला विषय काढला. मी शेतकरी हाव, शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हनून हाव. आमच्या शाळेतले झाडं उन्हानं कमी अन् बकऱ्याईनं जास्त मेले. शाळेले वॉल कंपाउंड नाही. सुट्टी लागली का बकऱ्या सरळ आत. मंग आमी बोराट्याची कुपाटी केली, एकेका झाडाले वेगळी. पूर्‍या मैदानाले कुपाटी कराची गरज नाही, तेवढे काटे बी भेटत नाही.

पान्याचं म्हनाल तं माठाचा उपाय करा. जुना माठ घ्याचा, घरोघरी एखादा पडून रायतेच. बुडाले बारीक भोक पाडाचं, त्यात सुती चिंधीची वात घालाची अन् झाडाच्या मुळापाशी गळ्यापर्यंत गाडाचा. वरून झाकन. एकदा भरला का चार-पाच दिवस पाहाची गरज नाही. आळ्यात सोयाबीनचं कुटार टाका चांगलं जाड, उन्हानं माती तापत नाही. पऱ्हाटी जाळून टाकता ना सारे? तिचे तुकडे बी चालते.

अन् एक गोष्ट मनापासून सांगतो. मास्तर लोकाईची बदली होते. पोरगं पाचवी झालं का दुसऱ्या शाळेत जाते. झाड इथंच रायते. ते शाळेचं म्हनून लावलं तं कोनाचंच नसते. शाळेला लागून ज्याचं घर हाये त्याले इचारून लावा. "काकू, हे झाड तुमच्या दारासमोर येते, सावली तुमाले, पानी तुमी घाला." आमच्या इथं असे लावलेले जगले.

---

तुरीची शेंग (वाशिम जिल्हा)
१८ मार्च

खडूफळा सर, तुमच्या लिहिण्यातली तळमळ पोचली. मीही शिक्षिका आहे.

मला त्रास होतो तो फोटोंचा. रोप लावताना फोटो, पोर्टलवर चढवा, प्रमाणपत्र काढा, ग्रुपवर टाका. रेंज नाही म्हणून मी शाळेच्या टाकीवर चढून फोटो पाठवले आहेत. सहा महिन्यांनी ते झाड आहे का, हे मला कोणी विचारलं नाही. जूनमध्ये किती जगली हा एकच रकाना वर्षातून एकदा भरायला लावला असता, तर सगळ्या शाळांनी झाडं कमी लावली असती आणि जास्त जगवली असती.

पैशाबद्दल थोडं सांगते, बऱ्याच पालकांना हे ठाऊक नसतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. इको क्लबसाठी, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या पर्यावरण गटासाठी, वेगळी तरतूद आहे. रक्कम मोठी नसते, कधी उशिरा येते, पण एक पाइप, दोन बादल्या आणि हात धुण्याच्या जागेपासून परसबागेपर्यंत चर एवढं त्यात बसतं. समितीच्या बैठकीत पालकांनी विचारलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, ते सहीपुरते नसावेत.

आमच्याकडे पोषण आहाराची ताटं धुतलेलं पाणी आधी गटारासारखं साचायचं. आता चरातून पालक, मेथी आणि शेवग्याला जातं. ताटातलं उरलेलं अन्न आधी वेगळ्या डब्यात काढायचं, नाहीतर वास येतो आणि डुकरं येतात. शेवग्याचा पाला खिचडीत पडतो तेव्हा पोरं अभिमानाने सांगतात की हे आमचं आहे.

---

सातबारा (अमरावती)
१९ मार्च

माहितीसाठी. १९९१ साली पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पुढे २००३ मध्ये अभ्यासक्रमाबद्दल पुन्हा आदेश झाला. राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे शाळांतल्या इको क्लबची योजना, २००१-०२ पासून आहे. आपल्या राज्यात नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. म्हणजे कागदावर कमतरता नाही.

---

एक पालक (बुलडाणा जिल्हा)
१९ मार्च

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. शेतकऱ्याच्या पोराला निसर्ग काय शिकवायचा? त्याला ढगाकडे पाहून पाऊस कळतो, कोणत्या वावरात कोणती माती आहे ते कळतं. शहरातल्या मुलांना शिकवा. आमच्या पोरांना गणित आणि इंग्रजी येत नाही, पाचवीच्या पोराला भागाकार जमत नाही. त्याच्या हातात फावडं देऊन काय होणार? फावडं तर त्याच्या नशिबात आहेच, त्यातून सुटावं म्हणून आम्ही त्याला शाळेत घालतो.

---

खडूफळा (यवतमाळ जिल्हा)
१९ मार्च

एक पालक, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुमची काळजी खरी आहे आणि भागाकाराबद्दल तुम्ही बोललात ते माझ्या वर्गालाही लागू आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पोराला निसर्ग कळतो हे मान्य. पण शेतीत आज जे आलं आहे ते सगळं बापाच्या आणि आजोबाच्या अनुभवातून कळणारं नाही. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. फवारणारे बरेच जण मजूर होते. त्यांच्या अंगावर ना मास्क होता ना हातमोजे, आणि उंच वाढलेल्या कपाशीत फवारा तोंडावर येत होता. ही गोष्ट आमच्या गावांतून अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी परिसर अभ्यासात एक धडा माझ्याकडून जोडला. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. फळ्यावर रंगीत खडूने चारही काढतो. डबा शाळेत आणायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही, हे आधी घोकून घेतो. मग घरी जाऊन फक्त लांबून बघायचं आणि रंग लक्षात ठेवून यायचं. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या कोठ्यात लाल आहे, अन् तो पिठाच्या डब्याजवळ ठेवला होता. मी आईला सांगितलं, तिनं उचलून वर फळीवर ठेवला अन् फळीला दार नाही म्हणून बाबानं पोत्यात बांधला." तिच्या बापाला लेबलवरचं बारीक इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल रंग सगळ्यांना वाचता येतो. हे मी पर्यावरण शिक्षण समजतो. हे शहरातल्या मुलापेक्षा आपल्या मुलाला जास्त लागतं.

आता गणित. छतावर पडणारा १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. आमच्या दोन खोल्यांचं छत टेपने मोजलं, ते ७४ चौरस मीटर भरलं. वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरला तर ७४ गुणिले ९००, म्हणजे ६६,६०० लिटर. काही उडतं, काही सांडतं, म्हणून ८० टक्के धरले तर साधारण ५३,००० लिटर. हा गुणाकार पाचवीच्या पोरांनी केला. उत्तर आल्यावर त्यांचा विश्वासच बसेना, म्हणून तीन वेळा केला. मग मी विचारलं, वीस झाडांना आठवड्याला दहा-दहा लिटर घातलं तर सुट्टीच्या नऊ आठवड्यांत किती लागेल? १,८०० लिटर. आणि दोन हजार लिटरची टाकी किती दिवस पुरेल? इथे भागाकार आला, आणि आठवडा चुकवला तर झाड मरतं हे माहीत असल्यामुळे तो त्यांनी जीव लावून केला.

तेव्हा फावडं आणि भागाकार यांतलं एक निवडायची वेळ माझ्या वर्गात तरी आली नाही.

---

धुऱ्यावरचा (अकोला जिल्हा)
१९ मार्च

सर, त्या लाल तिकोनाचं आमच्या शाळेत बी सांगाले लावतो. माह्या घरी डबे खाटीखाली रायते. आजच हलवतो.

---

एक पालक (बुलडाणा जिल्हा)
१९ मार्च

छताचं गणित आवडलं. हे माझ्या मुलाच्या शाळेत झालं तर माझी हरकत नाही. पण हे तुमच्यासारख्या एखाद्या शिक्षकावर अवलंबून राहतं, त्याचं काय?

---

बोडीकाठ (गोंदिया जिल्हा)
२० मार्च

आमच्याकडची गोष्ट थोडी निराळी आहे. इथे धानाचा पट्टा, पाऊस भरपूर आणि गावागावांत माजी मालगुजारी तलाव, ज्याला सगळे मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. पाळ कुठे घालायची, सलंग (जादा पाणी बाहेर जायची वाट) कुठे ठेवायचा, पाणी कोणत्या बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) आधी जाईल, हे सगळं ठरलेलं. तलाव शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतो, पण पुस्तकात धरणाचं चित्र असतं ते दुसरीकडचंच.

आमच्या शाळेत पोरांनी तलावातल्या वनस्पतींची यादी केली. नावं सांगायला मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बायका बोलावल्या. कोणती वनस्पती पाण्याखाली असते, कोणती तरंगते, कोणत्या वनस्पतीपाशी मासा अंडी घालतो, हे त्यांनी काठावर बसून सांगितलं. गुरुजींनी फक्त लिहून घेतलं. बेशरम नावाचं झुडूप काठाकाठाने माजलं आहे, ते वाढलं की तलाव उथळ होतो आणि देशी पाणवनस्पती हटतात. जिल्ह्यात काही गावांनी बेशरम उपटून देशी वनस्पती परत लावल्या आणि मासळी सुधारली. पोरांना हे पाहायला नेलं तर एका दिवसात जे कळतं ते वर्षभर सांगून कळत नाही.

आमच्या भागात सारस दिसतो. महाराष्ट्रात तो आता जवळपास गोंदिया-भंडारा-चंद्रपूर या पट्ट्यातच उरला आहे. धानाच्या बांधीत घरटं करतो. बांधीत सारसचं घरटं असेल तर कापणी करताना तेवढा भाग सोडायचा, हे पोरांनी बापाला पटवलेलं मी पाहिलं आहे.

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) असायला हवी. बहुतेक गावांत ती कपाटात असते. शाळेने ती मागावी, वर्गात उघडावी आणि पोरांनी त्यात काय राहिलं ते शोधावं. झाड लावण्यापेक्षा हे सोपं आहे आणि मे महिन्यात मरत नाही.

---

मोहफूल (चंद्रपूर जिल्हा, ब्रह्मपुरीकडे)
२० मार्च

आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम आणि मे म्हणजे तेंदूपत्ता. पोरं पहाटे आईबापासोबत मोहफुलं वेचायला जातात आणि मग शाळेत येतात. काही येतच नाहीत. हजेरी पडते, आणि वाघाची भीती याच दिवसांत सर्वात जास्त. वेचताना माणूस वाकलेला असतो, एकटा असतो, उजाडायच्या आत जंगलात असतो.

म्हणून आमच्या शाळेत पर्यावरण शिक्षणाची सुरुवात वाघापासून होते. उजाडल्याशिवाय जायचं नाही, टोळीने जायचं, बोलत राहायचं, एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं, लहान पोराला बाजूला एकटं बसवायचं नाही. वनविभागाचे लोक येऊन सांगतात, पण आम्ही ते नाटुकलं करून पोरांकडूनच गावात सांगायला लावतो, कारण घरी आजी ऐकते ती नातवाचं.

दुसरा मुद्दा वणव्याचा. मोहाच्या झाडाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला सोपी जातात, म्हणून लोक आग लावतात आणि ती पुढे जंगलात जाते. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर जाळायची गरज पडत नाही. पोरांच्या घरून जुन्या साड्या मागवून आम्ही दोन झाडांखाली करून दाखवलं. फुलं स्वच्छ निघाली, मातीची नाहीत, व्यापाऱ्याने भाव जरा बरा दिला. त्यानंतर सांगावं लागलं नाही.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा आमच्यापासून फार लांब नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेलं हे गाव. तिथे जंगलाचा निर्णय ग्रामसभा घेते आणि मुलं ते ऐकत मोठी होतात. माझ्या मते जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा मुलांना ग्रामसभेत नेऊन बसवावं.

---

खारपाण (दर्यापूर)
२० मार्च

आमच्या पट्ट्याचा विचार कोणी करत नाही म्हणून लिहितो. पूर्णा खोऱ्यातलं पाणी खारं. बोअरचं पाणी झाडाला घातलं तर झाड वाचायच्या ऐवजी पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर येतो. इथे आंबा लावू नका. बाभूळ, कडुलिंब, करंज ही टिकतात. शाळेत काय लावायचं हे वरून ठरू नये. गुलमोहर आणि अशोकाची रोपं सगळीकडे सारखी येतात.

छताच्या पाण्याचा हिशोब आमच्यासाठी सर्वात मोलाचा. पावसाचं पाणी गोडं असतं, तेच साठवून उन्हाळ्यात रोपाला घालायचं. पोरांना दोन कुंड्या द्या, एकीला बोअरचं पाणी, दुसरीला पावसाचं, आणि मेथी पेरा. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो. खारपाण म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

---

चरखा (वर्धा)
२१ मार्च

एक पालक यांनी विचारलं की हे सगळं एका शिक्षकावर का अवलंबून असावं. हा प्रश्न वर्ध्यात फार पूर्वी विचारला गेला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे अखिल भारतीय शिक्षण परिषद झाली आणि नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली. हाताने करायचं काम हे वेगळा तास म्हणून नाही, तर त्याच कामातून गणित, भाषा आणि विज्ञान शिकायचं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा २००५ पासून पुन्हा सुरू आहे. तिथे मुलं शेती करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात आणि त्याच्या नोंदी ठेवतात.

ती पद्धत सरकारी शाळांत टिकली नाही, कारण काम वेगळं आणि परीक्षा वेगळी झाली. खडूफळा सरांच्या वर्गात छत मोजलं ते परीक्षेच्या गणिताचंच काम होतं, म्हणून ते टिकेल असं मला वाटतं. बाग जर "कार्यानुभव" या एकाच तासाला बांधली, तर तो तास दुसऱ्या कामासाठी गेला की बाग गेली.

---

तुरीची शेंग (वाशिम जिल्हा)
२१ मार्च

चरखा, सहमत. आमच्याकडे वहीच तशी केली आहे. प्रत्येक झाडाचं एक पान. दर महिन्याला उंची सेंटिमीटरमध्ये, पानं गळली का, कीड दिसली का, कोणी पाणी घातलं. तिसरीच्या मुलांना मोजपट्टी धरता येते, पाचवीचे आलेख काढतात. झाड मेलं तरी पान फाडायचं नाही, का मेलं ते लिहायचं. ही वही नवीन शिक्षकाकडे जाते. बदली झाली तरी कोणाच्या डोक्यातली माहिती बरोबर जात नाही.

---

सातबारा (अमरावती)
२१ मार्च

मे महिन्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. रोजगार हमी योजनेतून ग्रामपंचायतीला वृक्ष लागवड आणि तीन वर्षांचं संगोपन घेता येतं. आपल्याकडे त्याला बिहार पॅटर्न म्हणतात. साधारण २०० झाडांचा गट धरतात आणि गावातल्या जॉबकार्डधारक मजुरांना पाणी घालण्या-राखण्याची मजुरी मिळते. शाळेत २०० झाडं नसतात, म्हणून शाळा, पांदण, स्मशानभूमी आणि गावरस्ता मिळून एक गट करायचा. ग्रामरोजगार सेवकाला भेटा. ग्रामसभेचा ठराव लागतो.

आणि ग्रामसभा कधी असते? १ मे. त्या दिवशी झेंडावंदन असतं, शाळेचा निकाल असतो, गावातली माणसं जमलेली असतात. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. ठरावाला याहून चांगला दिवस वर्षात नाही.

---

धुऱ्यावरचा (अकोला जिल्हा)
२१ मार्च

सातबारा भाऊ, लाखाची गोष्ट सांगतली. पन ठराव झाल्यावर मस्टर (मजुराईचं हजेरीपत्रक) निघाले टाइम लागते, मजुरी आठवड्यात येत नाही. मे महिन्यातलं पानी जुलैच्या मंजुरीची वाट पाहत नाही. ठराव बी करा अन् पयल्या वर्षी गावातले पाच घरं बी धरा.

---

खडूफळा (यवतमाळ जिल्हा)
२३ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं ठोस कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल समितीची बैठक घेतली, हा धागा वाचून दाखवला. यंदा असं ठरलं:

सध्या जगलेली झाडं तेवीस आहेत. यंदा जुलैत नवीन लावायची नाहीत, किंवा फार तर पाच. वरून रोपं जास्त आली तर घरोघरी वावराच्या धुऱ्यावर द्यायची आणि ती त्या घरच्या नावाने वहीत लिहायची. तेवीसपैकी जी शाळेच्या कडेला आहेत ती लगतच्या घरांनी घेतली. दोन आजींनी स्वतःहून हात वर केला. मधली आठ आहेत त्यांना माठ. माठ कुंभारवाड्यातून फुटके-तडकलेले मिळतात, ते सिमेंटने लिंपून चालतील असं एका पालकाने सांगितलं. कुटार तर गावात ढिगाने आहे.

टाकीचा प्रश्न आहे. छताचं पाणी साठवायला यंदाचा पावसाळा लागेल, म्हणजे ते पुढच्या मेच्या कामाचं. या वर्षी हातपंपावरून पाणी आणावं लागेल, आणि हातपंप मेमध्ये दम टाकतो. सरपंचांनी टँकर आला तर दोन ड्रम शाळेसाठी देऊ असं सांगितलं आहे. गावात प्यायला पाणी कमी पडलं तर झाडांचं मागणार नाही, हेही मी बैठकीत सांगितलं. तेवढं तारतम्य पोरांनाही कळायला हवं.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे. पाचवीतली दोन मुलं छताचा हिशोब उभं राहून वाचणार. मोहफूल यांनी सुचवलं तसं ग्रामसभेत बसणंही होईल.

एक शंका राहिली. जुलैत पाच लावायची तर कोणती आणि रोप आणावं की बी पेरावं?

---

मोहफूल (चंद्रपूर जिल्हा)
२३ मार्च

बी पेरा. पिशवीतल्या रोपाचं मूळ पिशवीत गोल फिरलेलं असतं, जागेवर पेरलेल्याचं सरळ खाली जातं आणि उन्हाळा तेच काढतं. कडुलिंबाची निंबोळी जून-जुलैत पडते, ती सुकवून ठेवू नका, काही आठवड्यांत उगवण संपते. गर धुऊन लगेच पेरा. मोहाची टोरी (बी) पण तशीच, ताजीच लावा. पळस, बहावा आणि सीताफळाचं बी टिकतं. बहाव्याचं साल फार कठीण, एका टोकाला घासून रात्रभर पाण्यात भिजवा. सीताफळाला बकरी तोंड लावत नाही, कुंपण नसलेल्या शाळेला ते पहिलं.

---

खारपाण (दर्यापूर)
२३ मार्च

एका खड्ड्यात तीन-तीन बिया टाका, जोमाचं एक ठेवा. आणि काळ्या मातीत खड्ड्यात पाणी साचू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी तुंबून कोवळं मूळ सडतं.

---

धुऱ्यावरचा (अकोला जिल्हा)
२३ मार्च

सर, माठाचं भोक खिळ्यानं पाडू नका, तडकते. ओला करून ड्रिलच्या बारीक बिटनं हळूहळू पाडा. नाही जमलं तं इकडं या, मी दाखवतो.

---

एक पालक (बुलडाणा जिल्हा)
२४ मार्च

आज आमच्या शाळेत गेलो होतो. छत मोजायला टेप घेऊन शनिवारी येतो असं मॅडमला सांगून आलो. आमच्याकडे पाऊस किती धरायचा? तालुक्याचा आकडा कुठे मिळेल?

---

सातबारा (अमरावती)
२४ मार्च

तहसील कार्यालयात मंडळनिहाय पर्जन्यमानाची नोंद असते, मागच्या काही वर्षांची मागून घ्या आणि सरासरी मुलांनाच काढू द्या. एखादं वर्ष फार कमी दिसेल, ते गाळू नका. टाकी त्या वर्षाच्या हिशोबाने घ्यायची असते.